आकडा चढतोय, पाय मात्र संपलेत: मांडीवरच्या ऑक्सिजन सेन्सरची उन्हाळी तक्रार

ही तक्रार दरवर्षी साधारण एकाच सुमारास येते. होळी झाली, पुण्यात नऊनंतर रस्त्यावर सायकल काढणं नकोसं झालं, की आमच्या ग्रुपमधली मंडळी घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) मांडतात. मांडीवर स्नायूतला ऑक्सिजन मोजणारा तो छोटा काळा सेन्सर बांधतात आणि पंधरा दिवसांत निरोप यायला लागतात. मजकूर थोड्याफार फरकाने असा: "दादा, १८० वॅटवर तासभर बसलो. दहाव्या मिनिटाला स्नायूतला ऑक्सिजन ४५ टक्के, पन्नासाव्याला ५३. ठोके मात्र १३८ वरून १५६ वर गेले आणि पाय पार मोडले. दमल्यावर ऑक्सिजन कमी व्हायला हवा ना? सेन्सर गेला का?"

सेन्सर गेलेला नसतो. बहुतेक वेळा तो स्नायूबरोबर तुमची तापलेली कातडीही मोजत असतो, आणि त्या मोजणीतला कातडीचा वाटा मिनिटागणिक वाढत असतो. विहिरीचं पाणी मोजायला गेलो आणि काठावर साचलेलं डबकंही त्यातच धरलं, तसा हा प्रकार.

मला हे उमगायला एक अख्खा उन्हाळा गेला. पहिल्या वर्षी मी या चढत्या रेषेवर खूश होतो. वाटायचं, तब्येत सुधारतेय, स्नायूला रक्त भरपूर मिळतंय. मग मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली. माझा ट्रेनर जुना, लोहचुंबकाचा, त्याला वीज लागत नाही. वॅट मोजणारा मीटर क्रँकमध्ये, म्हणजे पायडलच्या दांड्यात, तो बॅटरीवर. त्यामुळे मी पायडल मारत राहिलो, बंद पडला तो फक्त समोरचा पंखा. वॅट तेच, कॅडन्स (मिनिटाला पायडलच्या फेऱ्या) तीच, आणि सात-आठ मिनिटांत मांडीवरचा आकडा सहा टक्क्यांनी वर. लाइट आली, पंखा फिरला, आकडा हळूहळू खाली. पंख्याने मांडीतल्या स्नायूचं काम कमी-जास्त होत नाही. तिथे माझी ट्यूब पेटली.

आधी फुटकळ कारणं निपटून घ्या

कातडीला दोष देण्याआधी दहा मिनिटं या गोष्टींना द्या, कारण अर्धी प्रकरणं इथेच मिटतात.

आकडा झटक्यात बदलला असेल, म्हणजे दोन-चार सेकंदांत पाच-दहा टक्के, तर ते कातडीचं काम नव्हे. कातडी उडी मारत नाही, ती हळूहळू चढते. उडी दिसली की सेन्सर सरकला किंवा बाजूने उजेड शिरला असं समजा. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो आणि सेन्सरचा डोळा त्यासाठीच बनवलेला आहे. गॅलरीत किंवा खिडकीजवळ ट्रेनर असेल तर सेन्सरवर काळं कापड बांधून पाहा.

दुसरं, वॅट खरोखर तेवढेच होते का? सरासरी नको, ग्राफ बघा. शेवटच्या वीस मिनिटांत १८० चे १७२ झाले असतील तर स्नायूने कमी ऑक्सिजन वापरला, आकडा चढला, यात गूढ काही नाही. कॅडन्सचंही तेच. वॅट तेवढेच ठेवून ७५ वरून ९० वर गेलात की प्रत्येक फेरीत लावायचा जोर घटतो, आखडलेल्या स्नायूचा आपल्याच रक्तवाहिन्यांवरचा दाब कमी होतो आणि चित्र बदलतं. दमल्यावर माणूस खोगिरावर मागे-पुढे सरकतो, एका पायावर भार टाकतो. सेन्सर एकाच मांडीवर असतो. दुसऱ्या मांडीने काम अंगावर घेतलं तर पहिलीचा आकडा सुधारणारच.

तिसरं, पट्टा. फार आवळला तर शिरा दबतात आणि रक्त खाली तुंबतं. फार सैल असेल तर सेन्सर घसरतो. पट्ट्याखाली एक बोट कसंबसं सरकेल एवढा ताण पुरे.

हे सगळं ठीक आहे आणि तरीही रेषा हळूहळू, न थांबता, वीस-तीस मिनिटं चढतेच आहे, तर पुढे वाचा.

कातडी मध्ये येते कशी

लहानपणी लोडशेडिंगमध्ये तळहाताखाली विजेरी धरून बोटं लाल झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. लाल प्रकाश मांसातून आरपार येतो, निळा-हिरवा येत नाही. लालच्या थोडं पुढे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, प्रकाश शरीरात याहून खोल जातो. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी हीच खिडकी वापरून मेंदू आणि हृदयातला ऑक्सिजन बाहेरून बघता येतो असं दाखवलं. मांडीवरचा सेन्सर त्याच घराण्यातला. ७६० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन जास्त प्रकाश गिळतं, ८५० च्या आसपास ऑक्सिजन धरलेलं जास्त गिळतं, आणि ८०० च्या जवळ दोन्ही सारखंच. दोन-तीन रंगांचा प्रकाश आत सोडायचा, परत किती आला ते पाहायचं आणि दोघांचं प्रमाण काढायचं. स्नायूतला मायोग्लोबिन हा पदार्थही जवळपास तसाच दिसतो, त्यामुळे तोही या हिशोबात मिसळलेला असतो.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. मग तो बोटाच्या कातडीने का फसत नाही? कारण तो फक्त ठोक्याबरोबर उसळणारा भाग वेचतो, म्हणजे धमनीतलं रक्त. बाकी सगळं तो बाजूला टाकतो. मांडीवरच्या सेन्सरला तशी निवड करता येत नाही. त्याला धमनी, केशवाहिन्या, शिरा, सगळ्यांची मिळून खिचडी हवी असते, कारण स्नायूने ऑक्सिजन किती वापरला ते शिरांकडच्या रक्तातच कळतं. आणि खिचडी मागितली की वरचा थरही ताटात येतो.

कारण प्रकाश मांडीत सरळ रेषेत जात नाही. तो विखुरत, केळ्याच्या आकाराच्या वाटेने, आत शिरून परत वर येतो. जाताना कातडी, येताना पुन्हा कातडी. तो साधारण किती खोल पोचतो, तर दिवा आणि डोळा यांच्यात जेवढं अंतर असेल त्याच्या निम्मं. खेळाडूंच्या बऱ्याच सेन्सरमध्ये हे मोठं अंतर २५ मिलिमीटरच्या घरात असतं, म्हणजे नजर बारा-तेरा मिलिमीटरपर्यंत. त्यातले दोन मिलिमीटरपर्यंत कातडी, त्याखाली चरबी, आणि उरलं ते स्नायूच्या वाट्याला. प्रयोगशाळेतल्या यंत्रांत ३५ ते ४० मिलिमीटर अंतर असतं, म्हणून त्यांचं थोडं बरं चालतं.

कातडी कायम तेवढीच राहिली असती तरी चाललं असतं. आकडा थोडा चुकीचा, पण रोज सारखाच चुकीचा. गोची अशी की शरीरातला सगळ्यात चंचल रक्तपुरवठा कातडीचाच आहे. आरामात बसलेल्या माणसाच्या सगळ्या कातडीतून मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी रक्त फिरतं. कडक उष्णतेत तेच सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. शिवाय हे रक्त तिथे ऑक्सिजन द्यायला गेलेलं नसतं, उष्णता टाकायला गेलेलं असतं. कातडीची ऑक्सिजनची भूक अगदी थोडी. त्यामुळे तिथून परतणारं शिरेतलं रक्तही लालभडक, ऑक्सिजनने भरलेलं असतं. असं रक्त सेन्सरच्या नजरेत जितकं जास्त येईल, तितका टक्का वर जाणार.

एक कागदी हिशोब करून बघा. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. समजा सेन्सरला स्नायूतलं १०० भाग हिमोग्लोबिन दिसतं आणि त्यातलं ४० टक्के ऑक्सिजनवालं आहे. कातडीतलं १० भाग दिसतं, त्यातलं ८० टक्के ऑक्सिजनवालं. एकूण ११० पैकी ४८, म्हणजे स्क्रीनवर साधारण ४४ टक्के. आता अर्ध्या तासाने कातडी तापली. तिचे १० भागांचे ४० झाले आणि टक्का ९० झाला. स्नायू जिथे होता तिथेच आहे. एकूण १४० पैकी ७६, म्हणजे ५४ टक्के. दहा टक्क्यांची 'सुधारणा', आणि स्नायूत काडीचाही बदल नाही.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन आधी ६० अधिक २, म्हणजे ६२ भाग होतं. नंतर ६० अधिक ४, म्हणजे ६४. टक्का दहाने उसळला, पण हा आकडा जेमतेम हलला. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणात कामाला येणारी किल्ली हीच. टक्का तुम्हाला फसवतो, ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनची रेषा बरीच कमी फसवते.

हे माझं घरगुती शहाणपण नाही. २००६ मध्ये डेव्हिस, क्रँडॉल आणि सहकाऱ्यांनी हाताच्या मनगट ते कोपर या भागावर सेन्सर लावून लोकांना आरामात ठेवलं. एका प्रयोगात फक्त सेन्सरच्या जागेची कातडी सुमारे ४१ अंशांपर्यंत गरम केली. दुसऱ्यात बाकीचं अंग तापवलं, सेन्सरची जागा सोडून. स्नायू दोन्हीकडे आराम करत होता. तरी ऑक्सिजनचा संकेत जोरात चढला, आणि कातडीच्या रक्तपुरवठ्याशी त्याचा मेळ इतका घट्ट होता की सहसंबंध पहिल्या प्रयोगात सरासरी ०.९५ आणि दुसऱ्यात ०.८९ निघाला. दुसरा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. तुमची पाठ तापली तरी हातावरचा आकडा बदलतो, कारण घाम आणि कातडीच्या रक्तवाहिन्या यांचा कारभार मेंदूतून एकत्र चालतो. म्हणजे नुसता सेन्सरच्या जागी बर्फ ठेवून हा प्रश्न सुटत नाही. २०१५ मध्ये कोगा आणि सहकाऱ्यांनी कातडी तापवून पाहिलं, तेव्हा ऑक्सिजनवाला भाग फुगला आणि ऑक्सिजन नसलेल्या भागावर परिणाम कमी झाला. वरचा कागदी हिशोब तेच सांगतो.

घरच्या घरी परीक्षा

सगळ्यात सोपी पंख्याची. वीस मिनिटं पंखा बंद ठेवून एकाच वॅटवर, एकाच कॅडन्सवर चालवा. जोर बेताचा ठेवा, बोलता येईल इतपत. मग कुणाला तरी पंखा लावायला सांगा. स्वतः उतरून लावू नका, नाहीतर मधल्या विश्रांतीने सगळं मुसळ केरात. पुढच्या पाच-सात मिनिटांत टक्का खाली सरकला तर कातडीचा हात आहे. बंद खोलीत, भर उन्हाळ्यात ही परीक्षा फार ताणू नका. चक्कर, मळमळ जाणवली की थांबा.

दुसरी बसल्या जागची. खुर्चीत दहा मिनिटं शांत बसा, सेन्सर बांधलेला, रेषा सपाट झाली पाहिजे. मग सेन्सरच्या आजूबाजूला कोमट पाण्याची पिशवी ठेवा. हाताला सुखद लागेल एवढीच गरम, चटका नको. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर ही परीक्षा करूच नका, भाजल्याचं कळणार नाही. पाय हलवायचा नाही. टक्का चढला तर तो पायडल न मारता चढला, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यांनी पुन्हा कधी सेन्सर बदलून द्या असं म्हटलं नाही.

तिसरी परीक्षा मित्राचा सेन्सर उसना मिळाला तरच. तो हातावर बांधा आणि हात हँडलवर सैल ठेवा. सायकल चालवताना त्या स्नायूला फारसं काम नाही. मांडीचा आणि हाताचा टक्का दोघे हातात हात घालून चढायला लागले, तर ती गोष्ट सगळ्या अंगाच्या उष्णतेची आहे, मांडीच्या स्नायूची नाही. २००६ च्या दुसऱ्या प्रयोगाची ही गरिबाघरची आवृत्ती.

आणि चौथी तर फुकटच मिळते: थांबल्यानंतरची दहा मिनिटं. स्नायू ऑक्सिजन पटकन भरून घेतो, मिनिट-दोन मिनिटांत. तापलेली कातडी तेवढ्यात निवत नाही. थांबल्यावर रेषा वर जाऊन सुरुवातीच्या आरामाच्या पातळीच्याही वर बराच वेळ तशीच लोंबकळत राहिली, तर त्या वरच्या भागात कातडीचा मोठा हिस्सा आहे. लोक पायडल थांबवल्या थांबवल्या रेकॉर्डिंग बंद करतात. करू नका.

फाइल उघडा आणि एक रकाना वाढवा

बहुतेक ॲप स्क्रीनवर टक्का मोठ्या अक्षरांत दाखवतात आणि एकूण हिमोग्लोबिन कोपऱ्यात. ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचा रकाना नसला तरी फाइल एक्सेलमध्ये घेऊन तो बनवता येतो: शंभरातून टक्का वजा करा, एकूण हिमोग्लोबिनने गुणा, शंभराने भागा. उदाहरणादाखल, दहाव्या मिनिटाला एकूण १२.० आणि टक्का ४५ असेल तर उत्तर ६.६. चाळिसाव्या मिनिटाला एकूण १२.७ आणि टक्का ४८, तरी उत्तर ६.६ च. तीन टक्के वाढले, पण स्नायूची गोष्ट होती तिथेच आहे. एकूण हिमोग्लोबिनच्या या आकड्याला रक्ततपासणीतल्या हिमोग्लोबिनशी ताडू नका, त्याचा नुसता चढउतार बघायचा.

आता तीन चित्रं ओळखायला शिका. एकूण चढतंय, ऑक्सिजन नसलेला भाग सपाट: कातडी. एकूण जवळपास सपाट, ऑक्सिजन नसलेला भाग उतरतोय: स्नायूवरचा भार खरंच हलका झाला किंवा त्याला रक्त जास्त मिळायला लागलं, तेव्हा परत वॅट, कॅडन्स आणि बसण्याची ढब तपासा. पहिल्या दहा मिनिटांत हे दिसलं तर वॉर्म-अपचा परिणाम म्हणून सोडून द्या. तिसरं, एकूण आणि ऑक्सिजन नसलेला भाग दोन्ही चढतायत: पट्टा आवळलाय, रक्त तुंबतंय. प्रत्यक्षात ही तिन्ही एकमेकांत मिसळून येतात, हे खरं. पण कुठलं वरचढ आहे ते दिसतं.

एक बारकावा. स्नायू तापला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडतं, कार्बन डायऑक्साइडबद्दलचा बोर यांचा १९०४ चा शोध आणि त्याच कुळातली ही उष्णतेची गोष्ट. म्हणजे तापलेल्या, राबणाऱ्या स्नायूचा टक्का एकाच वॅटवर खाली झुकायला जागा असते. त्यामुळे उन्हाळी रेषा वर जाताना दिसली की माझा संशय दुप्पट होतो.

बामाचं प्रकरण

आमच्यात एक जण आहे, नाव नको. त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा कायम सात-आठ टक्क्यांनी 'चांगला' यायचा. त्याने खोगीर बदललं, बुटाखालच्या क्लीट सरकवल्या, डाव्या पायाचे जादा व्यायाम सुरू केले. दीड महिना. शेवटी एकदा त्याच्या घरी गेलो तर दारातच वास आला. उजवा गुडघा दुखतो म्हणून पठ्ठ्या रोज सायकलवर बसण्याआधी उजव्या मांडीला बाम चोळत होता.

बामातलं मिथाइल सॅलिसिलेट, पुदिन्याचं मेंथॉल, काही मलमांत मिरचीतलं कॅप्सेसिन, ही सगळी कातडीकडे रक्त ओढू शकतात. तेल चोळून केलेली जोरकस मालीश, सेन्सर लावायच्या पाच मिनिटं आधी केलेली दाढी (पायाची), चिकटपट्टी ओरबाडून काढणं, यांनीही जागा लाल होते. केस काढायचेच असतील तर आदल्या दिवशी काढा. आणि बाम लावायचा तर सेन्सरच्या जागेपासून दूर, किंवा सेन्सर उतरवल्यावर.

उलटाही प्रकार होतो. मध्येच मांडीवर थंड पाणी ओतलं, की कातडीच्या वाहिन्या आकसतात आणि टक्का घसरतो. ग्राफमध्ये तो अचानक जोर लावल्यासारखा दिसतो. पाणी डोक्यावर, मानेवर ओता.

उपाय, जे खरंच चालतात

पंखा पहिल्या मिनिटापासून लावा, घाम आल्यावर नव्हे. मोठा, पायांपर्यंत वारा येईल असा. मुंबईच्या दमट हवेत नुसता वारा पुरत नाही कारण घाम सुकत नाही, तिथे एसी असेल तर तो लावण्यात काही कमीपणा नाही. खोलीचं तापमान लिहून ठेवा. डिसेंबरमधल्या पहाटेचा टक्का आणि एप्रिलमधल्या संध्याकाळचा टक्का शेजारी ठेवून 'मी सुधारलो' किंवा 'मी ढासळलो' म्हणणं निरर्थक आहे.

उजेड अडवायला आपण सेन्सरवर जाड काळा निओप्रीनचा पट्टा गुंडाळतो. उजेड अडतो, पण तीच जागा बंद होते, घाम सुकत नाही, आणि कातडी आणखी तापते. म्हणजे एक रोग बरा करताना दुसरा पोसला. घरात, ट्यूबलाइटखाली असाल तर पातळ काळं कापड पुरतं. जाड पट्टा बाहेरच्या उन्हासाठी ठेवा.

चरबीचा थर मोजा. जिममधल्या किंवा डाएटिशियनकडच्या चिमट्याने सेन्सरच्या जागी कातडीची घडी धरून माप घ्या आणि निम्मं करा, कारण घडीत थर दोनदा येतो. घडी १२ मिलिमीटर तर थर ६ मिलिमीटर. २५ मिलिमीटर अंतराच्या सेन्सरला तेवढं चालून जातं. घडी २४ च्या पुढे गेली तर थरच १२ मिलिमीटरचा झाला, सेन्सर स्नायूपर्यंत जेमतेम पोचतोय आणि जे दिसतंय ते बहुतांशी कातडी-चरबीचं. मांडीवर बायकांमध्ये हा थर सहसा जाड असतो, त्यामुळे दोन खेळाडूंचे टक्के शेजारी मांडून कोण सरस ते ठरवणाऱ्या कोचला हात जोडून थांबवा. अशा वेळी थर पातळ असलेली जागा शोधा, पिंढरी किंवा मांडीचा बाहेरचा खालचा भाग, आणि दर वेळी तीच जागा घ्या. बॉलपेनने खूण केली तरी चालेल.

रंगाबद्दल विचारतात म्हणून सांगतो. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन प्रकाश गिळतं आणि संकेत कमजोर करू शकतं, त्यामुळे रेषा खरबरीत येऊ शकते. पण तासाभरात ते वाढत नाही. चढत्या रेषेचा दोष त्याच्यावर जात नाही.

नवीन सेन्सर घेणार असाल तर दिवा-डोळ्याचं अंतर विचारा, आणि एकाहून जास्त अंतरं आहेत का ते विचारा. दोन-तीन अंतरांवर प्रकाश किती घटतो त्याच्या उतारावरून हिशोब केला, तर सगळ्या वाटांना सामाईक असलेला वरचा थर बराचसा वजा होतो. २०१३ मध्ये इटलीतल्या तूरिनच्या मेसेरे आणि रोआत्ता यांनी ही पद्धत आणि जुनी एकाच अंतराची पद्धत शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कातडीतल्या बदलांनी नवी पद्धत जुनीपेक्षा खूप कमी फसली. प्रकाश किती खोल गेला याचा अंदाज त्याला परत यायला लागलेल्या वेळेवरून घेणारी यंत्रंही आहेत, पण ती प्रयोगशाळेत बघायला जायची वस्तू.

कुठे डोकं शिणवू नये

तीस सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये आणि दोन मिनिटांच्या इंटरव्हलमध्ये (आराम घेत घेत मारायच्या जोराच्या तुकड्यात) या प्रकाराची फारशी फिकीर करू नका. तिथे स्नायूचा टक्का झपाट्याने कोसळतो आणि कातडीला जागं व्हायला वेळच मिळत नाही. उलट व्यायाम सुरू होताच कातडीच्या वाहिन्या आधी थोड्या आकसतात. शरीराचं आतलं तापमान ३८ अंशांच्या आसपास गेलं की कातडीचा पुरवठा वाढायचाही मंदावतो, कारण रक्ताला स्नायूही हाक मारत असतो. म्हणजे चूक सगळ्यात मोठी कुठे? मध्यम जोराच्या, लांबलचक, गरम खोलीतल्या बैठकीत. नेमकी तीच, जी आपण उन्हाळ्यात करतो.

टप्प्याटप्प्याने वॅट वाढवायची चाचणी मात्र मधली केस. टप्पे तीन-चार मिनिटांचे असतील तर चाळीस मिनिटं होतात, तोवर कातडी तापते आणि टक्क्याची घसरण बोथट होते. मोडवळण, म्हणजे रेषेचा उतार बदलतो ती जागा, असतं त्याहून उशिरा दिसतं आणि माणूस स्वतःला आहे त्याहून तगडा समजतो. अशी चाचणी पंख्यासमोरच करा, आणि वळण टक्क्यावर न शोधता वर सांगितलेल्या नव्या रकान्यावर शोधा.

घरी बसून कातडीचा वाटा अचूक वजा करता येईल असं सूत्र नाही. कुणी ॲपमध्ये 'कातडी दुरुस्ती'चं बटण विकत असेल तर ती कशावरून करता एवढं विचारा.

पुढच्या वेळी निरोप पाठवाल तेव्हा ग्राफच्या फोटोबरोबर फाइलही जोडा आणि खाली एवढं लिहा: खोलीचं तापमान, पंखा कुठे होता आणि कितव्या मिनिटाला लावला, चिमट्याचं माप, पट्टा जाड की पातळ, थांबल्यावर किती मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवलं, आणि पायाला काही चोळलं होतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लाजत लाजत का होईना, पण खरं लिहा.